उणे सहाला उकळलेली गाडी

ज्या सोमवारी माझी गाडी शाळेच्या फाटकात उकळली, त्या सकाळी बाहेर उणे सहा तापमान होतं. हे मी मुद्दाम आधीच सांगून टाकतो. कारण नंतर ज्याला ज्याला ही हकिकत सांगितली, त्या प्रत्येकाने "काय, थंडीत?" असं विचारून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू गाडीपेक्षा माझंच काहीतरी बिघडलंय.

बरं, उकळायचंच होतं तर दुसरा एखादा सोमवार तिला चालला असता. पण आदल्याच दिवशी, सासऱ्यांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत मी एक वाक्य बोलून बसलो होतो.

माझे सासरे रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. उमेदीच्या काळात त्यांनी चालवलेलं एक वाफेचं इंजिन डोंगरापलीकडच्या गावात, रेल्वेच्या कारखान्यासमोर, चौथऱ्यावर कायमचं उभं करायचं ठरलं होतं आणि फीत कापायला त्यांना बोलावलं होतं. तीन आठवड्यांनी, रविवारी, सकाळी अकरा वाजता. ते पत्र टेबलावर हातोहात फिरत होतं. सासरे मान खाली घालून जेवत होते, पण पत्र कुणाच्या हातात आहे याकडे त्यांचं बरोबर लक्ष होतं.

मेहुणा म्हणाला, "बाबांना मी नेतो. माझ्या गाडीच्या सीट आपोआप गरम होतात."

मेहुण्याची गाडी नवी आहे, मोठी आहे, आणि तिच्याबद्दल बोलताना तो आवाज थोडा खाली आणतो, जसं लोक देवघरात आणतात. एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण त्या दिवशी काय अंगात आलं कोण जाणे. मी म्हणालो, "बाबांना मी नेणार."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. माझी गाडी अकरा वर्षांची आहे आणि तिच्या सीट फक्त उन्हाळ्यात आपोआप गरम होतात.

"बरं," सासरे म्हणाले आणि जेवत राहिले. ते एवढंच बोलतात. एकेचाळीस वर्षं इंजिनाच्या आवाजात काढल्यामुळे असेल, पण गरजेपेक्षा जास्त शब्द त्यांनी कधी वापरलेले मी ऐकलेले नाहीत.

आणि दुसऱ्या दिवशी फाटकात गाडीच्या तोंडातून वाफेचे लोट. मुलं वर्गात जायची थांबून अर्धवर्तुळ करून उभी राहिली. मुख्याध्यापिका बाई शाल सावरत आल्या.

"सर, काय झालं?"

"तापलीय."

"आज?"

मी बॉनेट उघडलं. इंजिनाजवळ हात नेला तर चटका बसत होता आणि वीतभर पुढे रेडिएटरला हात लावला तर तो बर्फासारखा. सारखा कशाला, आत बर्फच होता. उन्हाळाभर पाणी कमी झालं की मी नळाखालची बाटली भरून ओतत आलो होतो. त्या ओतण्यात मूळचं अँटिफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू न देणारं ते हिरवं द्रव, इतकं पातळ झालं की आत नावालाच उरलं. रात्री रेडिएटरमधलं पाणी गोठलं. गोठलेलं पाणी फिरेना. फिरेना म्हणून इंजिनाची उष्णता बाहेर पडेना. बाहेर उणे सहा असताना गाडी उकळण्यामागे एवढं साधं शास्त्र आहे.

मुख्याध्यापिका बाई इतिहासाच्या. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सर, हे तुम्ही अकरावीला शिकवता ना? मिठाचं पाणी लवकर गोठत नाही, ते?"

शिकवतो. एकोणीस वर्षं शिकवतोय. गोठणबिंदूतील घट, प्रकरण दुसरं, हमखास येणारा प्रश्न. मी बॉनेट बंद केलं. असे प्रसंग येतात तेव्हा माणसाने घड्याळाकडे पाहावं आणि "तास सुरू झाला" असं म्हणून चालू लागावं. मी तसंच केलं.

आमच्या मिस्त्रीकडे गाडी ओढून नेली. थंडीत त्याच्या दारात गाड्यांची अशी रांग असते की तो मान वर करून बोलत नाही. त्याने खाली वाकून, वर वाकून पाहिलं.

"फुटलं काही नाही, नशीब समजा. जुनं सगळं काढा, आतून धुवा, नवं भरा. अर्धं अर्धं. माझ्याकडे महिनाभर जागा नाही. तुम्ही शिकलेले आहात, घरीच होईल."

"शिकलेले आहात" हे त्याने कुठल्या अर्थाने म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. पण मी त्यातला चांगला अर्थ घेतला आणि पुढच्या रविवारी सकाळी इमारतीच्या आवारात गाडीखाली शिरलो.

गाडीखाली शिरलेला माणूस ही सार्वजनिक मालमत्ता असते. त्याचे पाय बाहेर दिसले की कुणालाही थांबून बोलावंसं वाटतं. आधी वरच्या मजल्यावरचे विमा एजंट आले. मला त्यांचे फक्त बूट दिसत होते.

"रेडिएटरपुढे पुठ्ठा लावा, सर. थंड वारा आत जाताच कामा नये. माझे वडील बारा वर्षं पुठ्ठा लावत होते."

"त्यांची गाडी चांगली होती का?"

"ट्रक होता."

मग शेजारचे दातांचे डॉक्टर आले. ते बूट थोडे पांढरे. "नुसतं भरून उपयोग नाही. आधी आतून स्वच्छ करा. कीड राहिली की वरून काहीही करा, पुन्हा दुखणारच." हा सल्ला मला तरी पटला, पण त्यांनी तो देताना माझ्या उघड्या तोंडात डोकावून पाहिलं असावं, कारण जाता जाता म्हणाले, "आणि उजवीकडची दाढ एकदा दाखवून जा."

तळाचा नळ सैल केला. तो आधी अजिबात हलेना आणि मग एकदम इतका हलला की निम्मं गंजकट हिरवं पाणी माझ्या बाहीतून काखेपर्यंत गेलं आणि निम्मं बायकोच्या कपडे भिजवायच्या टबात पडलं. टब निवडताना मी तिची परवानगी घेतली नव्हती. त्या विषयावर नंतर वेगळं बोलणं झालं.

आता ते पाणी टाकायचं कुठे? अँटिफ्रीझ चवीला गोड असतं आणि विषारी असतं. तळमजल्यावरची मांजर एव्हाना टबाभोवती दोन चकरा मारून गेली होती. गटारात ओतणं मला शक्यच नव्हतं. प्रदूषणाचं प्रकरणही मीच शिकवतो. तेव्हा ते डब्यात भरलं आणि गाडीत पाणीच नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी डबा मांडीवर घेऊन बसने नगरपालिकेत गेलो. घातक कचऱ्याच्या खिडकीत चष्मा लावलेल्या एक बाई होत्या.

"काय आहे?"

"गाडीतलं जुनं पाणी."

"तेल?"

"तेल नाही."

"रंग?"

"रंग आहे, पण रंग नाही. म्हणजे हिरवा आहे, पण भिंतीला लावायचा नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आमच्याकडे तेल, रंग आणि बॅटरी येतात. हे 'इतर'मध्ये जाईल. 'इतर' गुरुवारी."

गुरुवारी पुन्हा गेलो. पुन्हा मांडीवर डबा. बसमध्ये एका आजोबांनी मला जागा दिली, माझ्या मांडीवर काहीतरी आजारपणातलं आहे असं समजून. 'इतर'चा अर्ज चार पानी निघाला, कारण 'इतर'मध्ये काय येईल हे कुणालाच सांगता येत नसल्यामुळे त्यात सगळंच विचारलेलं होतं. वस्तूचा वास. वस्तूची उंची. वस्तू हिंस्र आहे काय. मी प्रत्येक रकाना भरला. शेवटी बाईंनी शिक्का मारून पावती दिली. त्यावर लिहिलं होतं: "इतर, सहा लिटर, मृत." ती पावती मी जपून ठेवली आहे. आमच्या इमारतीत अशी पावती दुसऱ्या कुणाकडे नाही.

आता भरण्याचा भाग. इथे मला माझ्या विद्वत्तेने दगा दिला, हे मी मान्य करतो. मिस्त्री म्हणाला होता, अर्धं अर्धं. मी विचार केला: द्रावणात पदार्थ जितका जास्त, तितका गोठणबिंदू खाली. हे तर मी फळ्यावर सिद्ध करून दाखवतो. अर्ध्याने जर गाडी वाचत असेल तर पूर्ण भरल्यावर ती उत्तर ध्रुवावरही चालेल. तेव्हा मी पाण्याचा थेंबही न घालता डबेच्या डबे निर्भेळ अँटिफ्रीझ ओतलं. वर एजंटांचा मान राखायला रेडिएटरपुढे पुठ्ठाही लावला. आणि शनिवारी दुपारी, समारंभाला आठच दिवस उरलेले असताना, गावाबाहेरच्या रस्त्यावर चाचणी घ्यायला निघालो.

सहाव्या किलोमीटरला काटा लाल रेषेवर गेला.

गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडून उभा राहिलो. माझ्या बाजूने पंधरा-वीस गाड्या गेल्या, आणि एकविसावी थांबली. काच आवाज न करता खाली आली. आत मेहुणा.

"भाऊजी, थंडीत?"

मी पुठ्ठ्याकडे पाहत राहिलो.

"बाबांचं मी बघतो ना," तो म्हणाला. वाईट मनाने म्हणाला नाही, तेच जास्त लागलं. "तुम्ही पाठीमागे आरामात बसा. सीट..."

"गरम होतात, माहितेय."

संध्याकाळी घरी रिकाम्या डब्यांकडे पाहत बसलो होतो. माझी बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. दिवसभर उभं राहून ती लोकांना सांगत असते की दोन चमचे म्हणजे दोनच चमचे. तिने त्यातला एक डबा उचलला आणि फिरवून पाठीमागचं वाचलं.

"हे वाचलंस?"

"पुढचं वाचलं."

"मागे लिहिलंय, पाण्यात समभाग मिसळून वापरा. निर्भेळ वापरू नका. उष्णता नीट वाहून नेत नाही, आणि उलट लवकर गोठतं."

"लवकर? असं होऊच शकत नाही. नियम..." आणि मी थांबलो. कारण त्या नियमाखाली एक ओळ आहे. "हा नियम केवळ विरल द्रावणांना लागू पडतो." एकोणीस वर्षं मी ती ओळ भरभर म्हणून पुढे जातो, कारण ती परीक्षेत विचारत नाहीत.

बायको हसली नाही. हे मी तिच्या बाजूने नोंदवून ठेवतो. ती म्हणाली, "माझ्याकडे रोज चार जण असे येतात. लवकर बरं वाटावं म्हणून औषध दुप्पट घेतात आणि मग दुप्पट आजारी पडून परत येतात. चल, उद्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणते. मोजून करू."

रविवारी आम्ही दोघांनी ते केलं. तिने मोजपात्र आणलं होतं. अर्धं अँटिफ्रीझ काढलं, तितकंच पाणी घातलं. पुठ्ठा टाकून दिला. गाडीचं तोंड उताराच्या वरच्या बाजूला करून, झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण वाढवून इंजिन चालू ठेवलं, म्हणजे आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. ती बुडबुडे मोजत होती आणि मी तिच्याकडे पाहत होतो. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण एका रेडिएटरवर आम्ही दोघं इतका वेळ वाकून उभे कधी राहिलो नव्हतो.

उरलेलं मिश्रण मी एका बाटलीत भरलं, दुसऱ्या बाटलीत नुसतं पाणी, तिसरीत निर्भेळ, आणि तिन्ही खिडकीबाहेर ठेवल्या. त्या रात्री पारा उणे चौदावर गेला. सकाळी पाण्याचा दगड झाला होता, निर्भेळ द्रवाचा लगदा, आणि मोजून केलेलं मिश्रण मात्र हलवलं की खळखळत होतं. तिन्ही बाटल्या मी वर्गात नेल्या आणि माझी स्वतःची फजिती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. पुठ्ठ्यासकट. मागच्या बाकावरची मुलं त्या दिवशी पहिल्यांदा उठून पुढे आली. नियमाखालची ती ओळ आता माझ्या वर्गात कुणी विसरणार नाही.

समारंभाच्या रविवारी साडेआठला निघालो. पुढे माझ्या शेजारी सासरे, अंगात जुना काळा कोट, मागे बायको. आणि आमच्या मागे थोडं अंतर ठेवून मेहुण्याची गाडी. "सहज, सोबत म्हणून," असं तो म्हणाला होता.

बाहेर धुकं, रस्त्याच्या कडेला पांढरा बर्फ. मी रस्ता पाहत होतो. सासरे रस्ता पाहत नव्हते, ते काटा पाहत होते. घाट सुरू झाला. चौथ्या वळणावर ते म्हणाले, "चढतोय."

खरंच चढत होता. मी हीटर शेवटपर्यंत वाढवला. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता ओढून आत सोडतो. दोन मिनिटांत गाडीत भट्टी झाली. बायकोने स्वेटर काढला, सासऱ्यांनी कोट काढला, सगळ्यांनी काचा खाली केल्या. उणे आठमध्ये आम्ही तिघं घाम पुसत घाट चढत होतो. काटा थबकला, पण खाली येईना. रुंद जागा दिसताच मी गाडी कडेला घेऊन बंद केली.

मेहुणा मागून धावत आला. हातात पाण्याची बाटली. मी बॉनेट उघडलं तसा तो रुमाल हातावर गुंडाळून सरळ झाकणाकडे झेपावला. "उघडून गार पाणी ओतू, लगेच होईल."

"हात मागे घे."

हा आवाज मी वर्गात वर्षातून एकदाच वापरतो, कुणी आम्लाची बाटली वाकून हुंगायला गेलं की. मेहुण्याचा हात जागच्या जागी थांबला. "आत दाब आहे. झाकण फिरवलंस की उकळतं पाणी तोंडावर येईल. गार होईपर्यंत कुणीही हात लावायचा नाही."

सासरे दार उघडून बाहेर आले होते. "बरोबर बोलतायत," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "माझा एक जोडीदार भाजला होता असाच."

मेहुणा ओशाळला. घड्याळ पाहत म्हणाला, "पण बाबा, साडेनऊ झाले. तुम्ही माझ्या गाडीत बसा. हे येतील मागून."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी स्वतःच म्हणणार होतो, बाबा, जा. तुमचा दिवस माझ्या हट्टापायी वाया नको जायला. शब्द ओठांवर आले होते.

सासरे गाडीच्या मडगार्डवर हात टेकून म्हणाले, "इंजिन अर्ध्या वाटेत टाकून मी कधी उतरलेलो नाही." आणि मला म्हणाले, "बघा, काय झालंय ते."

ते मला विचारत होते. मी हातमोजे चढवून वरची रबरी नळी चाचपली. गरम. खालची चाचपली. थंडगार. पाणी पुरेसं होतं, गळती नव्हती.

"वरची तापलेली आणि खालची गार," मी म्हणालो. "म्हणजे मधलं झडपेसारखं दार, थर्मोस्टॅट, पुरतं उघडत नाहीये. पाणी रेडिएटरपर्यंत जातच नाही. अकरा वर्षांचं आहे, अडकलं असणार."

"मग?"

"बदलायला लागेल. पण तोपर्यंत..."

"ठोका," सासरे म्हणाले.

मी पान्हा काढला. मिस्त्रीकडे न जाता, दातांच्या डॉक्टरांना न विचारता, थर्मोस्टॅटच्या आवरणावर हलक्या हाताने तीनदा ठोकलं. वीस मिनिटं थांबलो. मग इंजिन चालू केलं. काटा मधोमध आला आणि तिथेच राहिला. मी खाली वाकून खालच्या नळीला हात लावला. ती गरम होत होती. मेहुण्याने स्वतः वाकून हात लावून पाहिला आणि म्हणाला, "भाऊजी, मला नसतं कळलं हे." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हातमोजा काळा आणि तेलकट झाला होता, पण ते त्याने चालवून घेतलं.

उरलेला घाट आम्ही हीटर पूर्ण चालू ठेवूनच चढलो आणि उतरलो. अकराला पाच कमी असताना कारखान्याच्या आवारात शिरलो, तेव्हा लोक टोप्या, मफलर, हातमोजे घालून कुडकुडत उभे होते आणि आमच्या गाडीतून तिघं जण लालबुंद चेहऱ्याने, कोट हातावर टाकून उतरले.

चौथऱ्यावर काळंभोर इंजिन उभं होतं. पितळेचे दांडे घासून लख्ख केलेले. सासऱ्यांनी फीत कापली. भाषण करा म्हणाले, तर माईकजवळ जाऊन, "चांगलं इंजिन होतं," एवढंच बोलून ते मागे सरले. मग अधिकारी त्यांना वर, ड्रायव्हरच्या जागेत, चढवायला लागले. एक्याऐंशी वर्षांचा माणूस त्या पायऱ्या न पाहता चढला. कुठे हात ठेवायचा, कुठे पाय, सगळं अंगात होतं. वर जाऊन ते वळले आणि गर्दीत शोधू लागले. मेहुणा पुढे झाला.

"जावईबापूंना पाठवा आधी," ते म्हणाले.

मी चढलो. आत दोन माणसांपुरती जागा. त्यांनी मला एक उभी काचेची नळी दाखवली. "पाण्याची पातळी. आधी हे बघायचं, मग बाकी सगळं. बाहेर काय चाललंय ते सुद्धा नंतर." मग ड्रायव्हरच्या लाकडी बैठकीकडे बोट करून म्हणाले, "बसा."

मी बसलो. त्यांनी माझा हात धरून एका लांब लोखंडी दांड्यावर ठेवला. खाली बायको डोळे पुसत होती. घाम असेल, म्हणाली नंतर.

फोटोग्राफर ओरडून म्हणाला, "सर, तुम्ही जरा खाली या. फक्त ड्रायव्हरसाहेबांचा घ्यायचाय."

मी उठायला लागलो. सासऱ्यांनी खांद्यावर हात दाबून मला परत बसवलं.

"दोघांचा काढा," ते म्हणाले.

थर्मोस्टॅट मी सोमवारी बदलला, घरीच. मंगळवारच्या पेपरात तिसऱ्या पानावर फोटो आला. खाली छापलं होतं: "ऐतिहासिक इंजिनावर ज्येष्ठ चालक व त्यांचे त्या काळचे सहायक." त्या काळी मी फार तर पाळण्यात असेन. बायको म्हणाली, चूक आहे, कळव त्यांना.

मी अजून कळवलेलं नाही.